छत्रीच्या कव्हरातली सीडी

तिला सगळे बत्तिशी म्हणत. असं नाव ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, बाई हसरी असेल, ऊठसूट दात काढत असेल. छे! तिचे स्वतःचे दात पाहिलेला माणूस त्या अख्ख्या गल्लीत सापडला नसता. कवळ्या करायच्या जागेत वीस वर्षं ती लोकांचे दात बसवत होती म्हणून बत्तिशी. आणि एकदा बोलायला लागली की समोरच्याची दातखीळ बसायची, हे दुसरं कारण.

जागा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि साचे, मागच्या खोलीत पॉलिशचं चाक. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवत. बत्तिशी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढी आणि त्या साच्यावर मेणात एकेक दात लावी. माणसं तीनच. मालक, पॉलिशवाले काका आणि ही. काकांच्या तोंडात वरची-खालची पुरी कवळी होती, बत्तिशीनेच केलेली, आणि तिची जाहिरात करायची सुपारी घेतल्यासारखे ते दिवसभर हसत असत.

कोपऱ्यात एक सीडी प्लेअर होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्याच्या आधीचा काकांनी मारला होता. एक गाणं आवडलं नाही म्हणून त्यांनी ओल्या प्लास्टरच्या हाताने बटण दाबलं. प्लास्टर फटीत गेलं, तिथेच सुकलं, आणि बटण जे आत गेलं ते गेलंच. तेव्हापासून नियम ठरला. हात ओले करायच्या आधी काय लावायचं ते लावा. एकदा लावलं की शेवटचं गाणं संपेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही, मग आवडो की डोकं उठो. त्यामुळे त्या खोलीत प्रत्येक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला जाई. असं ऐकणारी माणसं आता राहिलीत कुठे?

सीड्या मालकांच्या मेहुण्याच्या बंद पडलेल्या दुकानातल्या. खोकंभर पॉप, खोकंभर रॉक. बत्तिशीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बऱ्याच गाण्यांची तर भाषाही कळत नव्हती. पण मत द्यायला कळावं लागतं असं कोणी सांगितलंय? काम झालेले साचे महिनाअखेर पोत्यात जायचे, तोवर फळीवर पडून असायचे. अल्बम संपला की ती हात धुवायची, पेन्सिल घ्यायची आणि त्यातल्याच एखाद्या साच्याच्या बुडाला मत लिहून टाकायची. अल्बमांची नावं तिला पाठ नव्हती, ती कव्हरवरच्या चित्रावरून ओळखायची.

चार दाढीवाले: ‘पहिलं गाणं फक्कड. त्या एकाच्या जिवावर बाकीची अकरा फुकट जेवलीत.’ निळ्या केसांची पोरगी: ‘आवाज मशीनमधून काढलाय. ही बाई आहे की लिफ्ट? मधेच म्हणेल, दरवाजा बंद होत आहे.’ फुटका आरसा: ‘हा गिटार वाजवत नाही, गिटारवर राग काढतो. नऊ मिनिटं झाली तरी थांबेना, तोवर माझ्या सहा दाढा लावून झाल्या.’ पांढरा कुत्रा: ‘रडका मेला. पोरगी गेली तर गेली. बारा गाणी रडायला काय बाप वारलाय?’

“अगं, जरा बरं लिही की कुणाबद्दल,” काका म्हणायचे. “त्या बिचाऱ्यांनी जीव ओतून केलं असेल.”

“जीव ओतून केलेली कवळी टोचली तर पेशंट काय म्हणतो? वा वा म्हणतो?”

अख्ख्या खोक्यात तिला चांगले म्हणण्याजोगे तीन अल्बम सापडले होते. टोपीवाली म्हातारी, लाल दरवाजा आणि दोघी बहिणी. म्हातारीवर तिने लिहिलं होतं, ‘चांगला. एक शब्द कळला नाही, पण ऐकता ऐकता दात वाकडा बसला आणि मला पत्ताच नाही.’ यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्या खोलीत कुणाला मिळालेलं नाही.

लोकांना वाटे, बाईचा स्वभावच तिखट. अहो, स्वभाव कसला! तिच्या रागाला कारण होतं आणि ते कारण त्याच खोक्यात, तळाशी, छत्रीचं चित्र असलेल्या कव्हरात ठेवलेलं होतं. छत्रीवाला खरा अल्बम कधीच फुटला होता. त्या कव्हरात होती तिच्या धाकट्या भावाची सीडी. “ती खराब आहे, अडकते, लावू नका,” असं तिने ती तिथे ठेवली त्या पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं. दुपारी मालक आणि काका जेवायला बाहेर गेले की ती एकटी ती लावायची. सलग नऊ गाणी. चौदा वर्षं.

चौदा वर्षांपूर्वी भाऊ चोवीस वर्षांचा होता. तीन मित्रांना घेऊन बँड काढला होता, एका गॅरेजमध्ये तालीम करायचे. घरात वडील आठ महिने अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं. आई आधीच गेलेली. बत्तिशी सकाळी त्यांना पुसून, भरवून कामावर जायची, दुपारी धावत येऊन कूस बदलायची, संध्याकाळी पुन्हा तेच. आणि हे साहेब गॅरेजमध्ये. “येतो गं ताई, एवढं एक गाणं बसवतो आणि येतो.” त्या गाण्याला बसायला कधी मुहूर्त मिळालाच नाही.

मग एके दिवशी तो सीडी घेऊन आला. कव्हर स्वतः रंगवलेलं, बोटांना रंग तसाच. तिने त्या दिवशी तिसऱ्यांदा चादर बदलली होती. तो म्हणाला, “ताई, सगळे मित्र वा वा करतात, त्यांचं काय घेऊन बसायचं? तू खोटं बोलत नाहीस. तू ऐक आणि सांग. तू बरं म्हणालीस तर आम्ही गाव सोडून मोठ्या शहरात जातोय. वर्षभर बघतो.”

तिने ऐकली. वडिलांच्या खोलीशेजारच्या स्वयंपाकघरात, उभ्याने, नऊच्या नऊ. सातवं गाणं तिने मागे नेऊन पुन्हा एकदा ऐकलं. आपला नाक पुसता न येणारा बाळ्या असा गातो? आणि नववं संपतंय तोच आतून वडिलांनी हाक मारली, चादर पुन्हा ओली झाली होती. ती बाहेर आली आणि बोलली, “तिसऱ्या गाण्याला बंद केलं मी. पुढे ऐकवेना. गळा नाही तुला. लोक हसतील, बाळ्या. गपगुमान घरी ये.”

आणि तो आला की हो! ते तर खरं दुखणं होतं. त्याच आठवड्यात गिटार मित्राला देऊन टाकली, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत चिकटला, वडिलांचं सगळं अंगावर घेतलं. त्यांना उचलताना तोंडातून ब्र काढला नाही. दोन महिन्यांनी वडील गेले. तेव्हा तरी सांगायचं ना? पण तेव्हा ती मनात म्हणाली, आत्ताच कशाला, तेराव्या दिवशी सांगू. मग म्हणाली, नोकरीत कायम होऊ दे. मग त्याचं लग्न झालं. खोटं बोलायला एक मिनिट लागलं होतं, खरं बोलायला चौदा वर्षं पुरली नाहीत. तो मात्र पुन्हा गायला नाही. पोरीला झोपवतानासुद्धा गात नाही, असं वहिनी एकदा सहज बोलून गेली आणि बत्तिशी घरी येऊन भांड्यांवर भांडी आपटत बसली.

म्हणून राग. एखादा अल्बम वाईट निघाला की तिचं डोकं फिरे: या गाढवाला गाऊ दिलं आणि माझ्या भावाला मी बसवलं! चांगला निघाला तर त्याहून फिरे. राग अल्बमांवर निघत होता एवढंच, त्याचा खरा धनी वेगळा होता.

त्या मंगळवारी काय झालं, तर लिफ्टच्या मशीनवर काम करताना पाना सटकला आणि भावाच्या तोंडावर बसला. पुढचे वरचे दोन दात गेले. पुढचे दात असले की डेंटिस्ट पेशंटला रंग जुळवायला थेट इथेच पाठवी. तसा तो सकाळी अकराला चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला, ओठावर रुमाल.

“ये, बस,” ती म्हणाली. “फार दुखतंय?”

“नाही.” चौदा वर्षं तो तिच्याशी असाच बोलायचा. वाईट नाही, चांगलं नाही, पावतीपुरतं.

तिने नुकतंच प्लास्टर कालवलं होतं, हात कोपरापर्यंत पांढरे. “पाच मिनिटं थांब, हे ओतते. नाहीतर हातातच दगड होईल,” म्हणाली. काका लगेच खोकं घेऊन पुढे आले. पाहुण्याने अल्बम निवडायचा, ही काकांची पद्धत. “काढा एक, जावई- नाही, भाऊराव! इथे बसणाऱ्याने एक काढायचाच.”

“मला काही कळत नाही त्यातलं,” भाऊ म्हणाला.

“हिला तरी कुठे कळतं? तरी फळीभर मतं लिहून ठेवलीत!”

भावाने न बघता तळातून एक कव्हर ओढलं. छत्री.

“ती नको!” बत्तिशी इतक्या जोरात ओरडली की मालक कानावरचा फोन घेऊन बाहेर आले. “खराब आहे ती. काका, दुसरी लावा.”

“वीस वेळा सांगितलंस. आज बघूच किती खराब आहे ते,” काका म्हणाले. चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि त्याच्याशिवाय त्यांना ना कव्हर दिसे ना सीडी. त्यांनी पिशवीत हात घालून सीडी सरकवली आणि बटण दाबलं. बत्तिशीच्या हातात प्लास्टर होतं आणि प्लेअरला ओला हात लावायचा नाही हा नियम तिनेच भिंतीवर लिहिला होता.

पहिला गिटारचा तुकडा वाजला. भावाचा रुमाल ओठावरून खाली आला. तो प्लेअरकडे बघत राहिला. तिने साच्यात प्लास्टर ओतलं ते अर्धं बाहेर सांडलं. त्याला वाटत असेल, टाकून द्यायच्या सीड्यांत टाकलीय आपली. तेवढंच वाटू दे, देवा, तेवढंच वाटू दे.

दुसरं गाणं लागलं. मालक दाराला टेकून ऐकत होते. “ड्रमवाला पुढे पळतोय,” ते म्हणाले. “हौशी पोरं दिसतात.”

“आणि गाणाऱ्याला सर्दी झालीय,” काका कवळी दाखवत म्हणाले. “बरंय आपलं. चलाऊ. दहापैकी चार.”

भाऊ मान खाली घालून बसला होता. “चार जास्त झाले,” तो हळूच म्हणाला.

बास. चौदा वर्षं दाताखाली धरलेलं सगळं एकदम सुटलं.

“चार?” बत्तिशी कडाडली. “चार? अहो, त्या लिफ्टवाल्या पोरीला तुम्ही आठ दिले होते! कान आहेत की कोनाडे? सर्दी नाहीये ती, आवाज मुद्दाम दाबलाय त्याने, पाचव्या गाण्यात सोडणार आहे म्हणून! आणि ड्रमवाला पळत असेल, पळू दे, हा त्याला चौथ्यात बरोबर धरून आणतो. आणि सातवं? सातव्यात शेवटच्या ओळीआधी तो श्वास घेतो, मागे खुर्ची करकरते, कोणीतरी खोकतं, आणि तरी तो सूर धरून ठेवतो, सोडत नाही, सोडतच नाही! ते ऐकून ज्याला काही होत नाही त्याने पॉलिशच्या चाकात डोकं घालावं!”

प्लास्टरचे शिंतोडे भिंतीवर, काकांच्या चष्म्यावर, सगळीकडे. खोलीत फक्त गाणं चालू होतं.

“अगं पण,” मालक म्हणाले, “हे तर तिसरंच चालू आहे.”

भाऊ उठला. वरचे दोन दात नसलेलं ते तोंड, सुजलेला ओठ, आणि डोळे असे, की तिने वडिलांच्या चितेपुढेही तसे पाहिले नव्हते.

“तिसऱ्याला बंद केलं होतंस ना तू, ताई?”

“पुढे ऐकवत नव्हतं ना तुला? सातव्यातली खुर्ची कुठून ऐकलीस?”

“बाळ्या...”

“किती वेळा ऐकलीस?”

“रोज,” ती म्हणाली.

“रोज.” तो हसला, की नुसता ओठ हलला, कोण जाणे. “म्हणजे माझं गाणं तू रोज ऐकत होतीस. मी एक दिवसही ऐकलं नाही. मला लाज वाटत होती, ताई. दुकानात कुठे गाणं लागलं तरी मी बाहेर येऊन उभा राहायचो.”

“बाबा तसे पडले होते, मी एकटी मरत होते रे! तू येत नव्हतास!”

“मग तसं सांगायचं! ये म्हणायचं! कानाखाली मारायची! घरी ये म्हणायला माझा गळा कशाला कापलास?”

तो रंग न जुळवता निघून गेला. सीडी पुढे वाजत राहिली, नियमाप्रमाणे, नवव्या गाण्यापर्यंत. काकांनी चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

त्याच्या दातांचा रंग तिला पट्टीवर जुळवायची गरज नव्हती. दुधाचे पडल्यापासून ती ते दात बघत होती. डेंटिस्टने पाठवलेल्या ठशावरून दोन दात तिने तीन दिवस घेऊन लावले, डाव्याला किंचित तिरका ठेवला, होता तसा. शुक्रवारी तो आला. यावंच लागलं, बिनदाताचा माणूस किती दिवस फिरणार? नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याने तोंड उघडलं, तिने दात बसवले, आरसा दिला.

“साठपासून सत्तरपर्यंत मोज,” ती म्हणाली. सगळ्यांना ती हेच सांगे. साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणताना दाताफटीतून वारा गेला तर लगेच कळतं.

त्याने मोजलं नाही. तिच्या डोळ्यात डोळे घालून त्याने सातवं गाणं उचललं. शब्द दात-ओठ खाऊन म्हणाल तसे, शिवी दिल्यासारखे. मागच्या खोलीत चाक थांबलं. शेवटच्या ओळीआधी त्याने श्वास घेतला आणि सूर धरायला गेला, आणि आवाज फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. तो थांबला. गळ्याच्या शिरा तशाच ताणलेल्या.

“सांग मत,” तो म्हणाला. “खरं.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. “दात घट्ट बसलेत. वारा जात नाही.”

“दातांचं नाही विचारलं.”

“वाईट,” ती म्हणाली. “वरचे सूर गेले. खालचे गंजले. श्वास पुरत नाही. वाईट गातोस आता.”

त्याने मान हलवली. “आणि तेव्हा?”

“तेव्हा चांगला होतास. फार चांगला. या खोक्यात त्याच्यापेक्षा चांगले तीनच आहेत.”

“तीन?”

“म्हातारी, लाल दरवाजा आणि दोघी बहिणी. दोघी बहिणी कदाचित नसतील. पण धरते.”

“एवढंच ऐकायला आलो होतो मी तेव्हा तुझ्याकडे,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा तीनच चांगले आहेत म्हणाली असतीस, तर त्या तिघांचं काय करायचं ते माझं मी बघितलं असतं.” मग त्याने फळीकडे बोट केलं. “सगळ्यांचं लिहितेस ना? माझंही लिही.”

तिने त्याच्याच जबड्याचा साचा घेतला, दोन दातांची जागा रिकामी असलेला. बुडाला लिहिलं, ‘माझ्या भावाचा अल्बम. नऊ गाणी. चांगला. मी खोटं बोलले आणि त्याने ते खरं धरलं.’ त्याने वाचलं. छत्रीचं कव्हर खोक्यातून काढून खिशात घातलं. “हे मी नेतो. तू पुष्कळ ऐकलंस,” म्हणाला, आणि गेला.

तो त्यानंतर तिच्याकडे आला नाही. वहिनी सांगते, बरा आहे. गातो का, असं विचारायचं तिच्या जिभेवर येतं आणि ती विचारत नाही. दुपारी दोघं जेवायला गेले की ती प्लेअर लावत नाही.

महिनाअखेर आली. काका पोतं घेऊन फळी रिकामी करू लागले. दाढीवाले गेले, निळी पोरगी गेली, रडका कुत्रा गेला. मग त्यांच्या हातात तो साचा आला. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी तो खिडकीकडे धरून वाचायचा प्रयत्न केला. “हे तर झालंय ना काम?” ते म्हणाले. “टाकू?”

“काका,” बत्तिशी मेणातून मान वर न काढता म्हणाली, “त्याला हात लावलात तर तुमची कवळी मीच बसवलीय आणि मीच घशात घालीन.”

काकांनी साचा होता तिथे ठेवला.